काटकसर कोणाच्या पदरची?





मार्गशीर्षाच्या अंकातील निरूपण प्रतिवर्षी आमचे तीर्थरूप लिहीत असतात. यंदा त्यांच्या डोळ्यांवर नुकतीच शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्यांनी हे पान आमच्या स्वाधीन केले आहे. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झाले असून शास्त्राचा परिचय वडिलांच्या पायांशी बसून जेवढा घडला तेवढाच आहे. तेव्हा वयाने व अनुभवाने वडील असलेल्या आपणांस चार शब्द सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आम्ही जाणतो. परंतु गतवर्षी आमच्या हातून जे घडले ते आपणांपुढे ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे. आणि त्याच्या अनुषंगाने जो विचार मनात उगवला तो सांगण्यापुरतीच आमची मर्यादा आम्ही राखणार आहोत.

आजचा विषय व्यवस्थेचा आहे. देवळाची व्यवस्था, दुकानाची व्यवस्था, कचेरीची, कारखान्याची, पेढीची व्यवस्था. इंदुरात पिढ्यान्पिढ्या नांदणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी आज क्वचितच एखादे असे असेल, की ज्यातील कोणी ना कोणी चार माणसांकडून काम करवून घेत नाही. कोणी पिठाची गिरणी चालवितो, कोणी औषधांच्या कंपनीत पाळी सांभाळतो, कोणी शाळेचा कारभार पाहतो. पूजा, जप, पारायण यांविषयी आपण धर्म काय म्हणतो ते विचारतो. परंतु कामाची पाळी लावताना, मजुरी ठरविताना, यंत्राची दुरुस्ती पुढे ढकलताना धर्म काय म्हणतो, हे आपण क्वचितच विचारतो. जणू देव गाभाऱ्यापुरता असून कोठीघरात त्याचे काही काम नाही!

आता आमची गोष्ट. गतवर्षीच्या दत्तजयंतीस महाप्रसादाचे कोठार आमच्याकडे होते. तांदूळ, डाळ, तूप, पत्रावळी, इंधन या सर्वांचा हिशेब आम्ही ठेवीत होतो. दरवर्षीपेक्षा खर्च कमी करून दाखवावा, अशी आमची मोठी उमेद होती. आणि वय लक्षात घेता या उमेदीत थोडा अहंकारही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. उत्सवाच्या आठ दिवस आधी स्वयंपाकघरात अनेक वर्षे राबणाऱ्या एका मावशींनी आम्हांस हाक मारून सांगितले, “दादा, मोठ्या शेगडीच्या नळीला वास येतो. रबर तडकलेय.” आम्ही पाहिले. रबर खरोखरच तडकलेले होते. आम्ही म्हणालो, “मावशी, एवढा उत्सव होऊ द्या, मग दोन्ही शेगड्यांच्या नळ्या एकदमच बदलू.” चार दिवसांनी त्यांनी पुन्हा सांगितले. आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले आणि तडकलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळली.

उत्सवाच्या दिवशी पहाटे भाताचे पहिले पातेले चढले असता त्या नळीने पेट घेतला. शेजारच्या एका गृहस्थांनी प्रसंगावधान राखून सिलिंडरची चावी बंद केली व ओले पोते टाकले. श्रीकृपेने अनर्थ टळला. परंतु मावशींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्यांना दवाखान्यात पोहोचवून दुसऱ्या शेगडीवर स्वयंपाक पुढे चालू झाला. दुपारी पंगती बसल्या. प्रसाद उत्तम झाला, असे सर्वांनी म्हटले.

भक्तजनहो, आमचा खरा अपराध याच्या पुढचा आहे. वार्षिक सभेत हिशेब वाचला गेला, तेव्हा यंदा उत्सवात चांगली बचत झाली म्हणून सभेने टाळ्या वाजविल्या व आमचे नाव घेऊन कौतुक केले. आम्ही उभे राहून हात जोडले आणि ते कौतुक स्वीकारून खाली बसलो. त्या बचतीत नव्या नळीचे पैसेही होते, हे आम्ही बोललो नाही. मावशी त्या दिवशी सभेस नव्हत्या. त्यांचा हात अजून बरा व्हावयाचा होता.

घरी आल्यावर तीर्थरूपांनी एवढेच विचारले, “बाळ, ती बचत कोणाची?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे हे वर्ष गेले.

*

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी कर्मातील कौशल्यास योगाची पदवी दिली आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. आजकाल हे वचन कार्यालयांच्या भिंतींवरही लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ मात्र लोक असा करतात, की थोड्या खर्चात, थोड्या माणसांत, थोड्या वेळात जास्त काम काढणे म्हणजे कौशल्य. श्रीमत् शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या कौशल्याचा उलगडा निराळा केला आहे. जे कर्म स्वभावतःच माणसाला बांधून टाकणारे, तेच समत्वबुद्धीने केले असता बांधीत नाही. ही समत्वबुद्धी हेच तेथील कौशल्य होय, असे आचार्यांचे तात्पर्य आहे.

समत्व म्हणजे केवळ लाभहानीत मनाची शांती, असे आपण समजतो. त्यात एक व्यावहारिक अर्थही दडलेला आहे, असे आमच्या अल्पमतीला वाटते. तराजूचे एक पारडे आपले व दुसरे परक्याचे. आपल्या पारड्यातील पै जेवढ्या काळजीने आपण मोजतो, तेवढ्याच काळजीने दुसऱ्याच्या पारड्यातील जीव मोजणे, हे समत्व. आम्ही नळीची किंमत मोजली. मावशींच्या हाताची मोजली नाही. हिशेब तंतोतंत जुळला खरा, पण तराजू मुळातच वाकडा धरलेला होता.

*

हे आमचे लहानसे पाप एका स्वयंपाकघरापुरते राहिले. हीच बुद्धी एखाद्या मोठ्या कारखान्यात घर करून बसली तर काय होते, हे पाहण्यास आपल्याला दूर जावयास नको. आपल्याच प्रांताच्या राजधानीत ते घडलेले आहे. १९८४ सालच्या डिसेंबरातील २ व ३ तारखांमधील ती रात्र. आमचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. परंतु आपणांपैकी वडीलधाऱ्यांनी ते दिवस पाहिले आहेत, आणि कित्येकांचे आप्त त्या वेळी भोपाळास होते.

युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशके बनविणारा कारखाना भोपाळ शहराच्या उत्तरेस होता. तेथे मिथाइल आयसोसायनेट नावाचे अत्यंत विषारी व चंचल द्रव्य तयार करून जमिनीतील टाक्यांत साठवीत असत. हे द्रव्य पाण्याशी मिसळले असता भयंकर तापते व वायुरूप होऊन उसळते. म्हणून ते शून्य अंशाजवळ थंड राखण्यासाठी शीतयंत्र बसविलेले होते. वायू निसटलाच, तर त्यास क्षाराच्या पाण्याने धुऊन निष्प्रभ करणारे यंत्र होते. त्यातूनही सुटल्यास त्यास उंचावर जाळून टाकणारा मनोरा होता, आणि शेवटी पाण्याचे फवारे होते. म्हणजे ज्यांनी कारखाना उभारला, त्यांना धोका ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. राखणदार एक सोडून चार नेमलेले होते.

मग त्या रात्री हे राखणदार होते कोठे? कीटकनाशकांचा खप अपेक्षेप्रमाणे न झाल्याने कारखाना तोट्यात चालला होता व खर्च कमी करण्याचे धोरण सुरू होते. त्या धोरणात शीतयंत्र काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आले होते. जाळणाऱ्या मनोऱ्याच्या नळाचा गंजलेला तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता व तो पुन्हा बसविलेला नव्हता. धुण्याचे यंत्र चालू स्थितीत ठेवलेले नव्हते, आणि एवढ्या प्रचंड लोटासाठी ते पुरेसेही नव्हते. पाण्याचे फवारे वायू जेथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हते. त्या विभागातील माणसे निम्म्यावर आणली होती, आणि दुरुस्तीच्या रात्रपाळीवरील पर्यवेक्षकाची जागाच काही दिवसांपूर्वी काढून टाकलेली होती.

मध्यरात्रीच्या सुमारास एका टाकीत पाणी शिरून सुमारे ४० टन द्रव्य उसळले. पाणी कसे शिरले याविषयी कंपनीचे म्हणणे एक व इतरांचे दुसरे आहे. परंतु पाणी कसेही शिरले असो, राखणदार झोपलेले होते आणि त्यांना झोपविण्याचे काम काटकसरीने केले होते, याविषयी वाद होऊ शकत नाही. वाऱ्याबरोबर तो वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. नाकातोंडावर ओले फडके धरावे, ही साधी गोष्टही कोणी त्या लोकांना कधी सांगितलेली नव्हती. ते धावत सुटले, आणि धावण्यामुळे अधिकच विष छातीत गेले.

मध्यप्रदेश शासनाने पुढे या वायुकांडातील ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठी संख्या सांगतात. पाच लाखांहून अधिक माणसांना बाधा झाली, असे शासकीय आकडेच सांगतात.

आणि भक्तजनहो, तेथेही कोणीतरी आधी सांगितले होते! १९८१ सालच्या डिसेंबरात त्याच कारखान्यात विषारी वायूने एक कामगार दगावला होता. कामगारांच्या संघटनेने भित्तिपत्रके लावून धोक्याची जाणीव दिली होती. १९८२ सालच्या मे महिन्यात कंपनीच्याच अमेरिकेहून आलेल्या तपासनिसांनी उणिवा लिहून दिल्या होत्या. त्याच वर्षापासून भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या लेखांतून नगरवासीयांस सावध करीत होते. सांगणारे होते, ऐकणारा नव्हता. हे वृत्तान्त वाचीत असता आमच्या डोळ्यांपुढे वारंवार तडकलेल्या नळीवर गुंडाळलेली ती चिकटपट्टी येत होती. कारखाना कोणाचा व किती मोठा, हा प्रश्न गौण वाटू लागला. “एवढा उत्सव होऊ द्या” हे आमचे शब्द व “एवढे वर्ष जाऊ द्या” हे तेथील शब्द, यांत आम्हांस काही भेद दिसेना.

*

येथे आपणांपैकी एखादे व्यापारी गृहस्थ म्हणतील, की काटकसर हा तर आपल्या वाडवडिलांनी शिकविलेला गुण आहे; खर्च आटोक्यात ठेवला नाही तर पेढी बुडेल आणि मग नोकरमाणसांची चूल कशी पेटणार? हा आक्षेप रास्त आहे. काटकसर अधर्म आहे असे आम्ही म्हणत नाही. उधळपट्टी करणाऱ्या घरात शेवटी दुबळ्याचीच उपासमार होते. परंतु दोन काटकसरी दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांचे गोत्र एक नसते. त्या ओळखण्यासाठी तीन प्रश्न आमच्या मनाला सुचले आहेत. ते आपण पारखून पाहावेत.

पहिला प्रश्न : काटकसर कोणाच्या पदरची? आम्ही जर पत्रावळींऐवजी घरोघरची ताटे मागवून खर्च वाचविला असता, तर ताटे घासण्याचे श्रम आम्हीच केले असते. ती काटकसर आमच्या पदरची. परंतु नळी न बदलून वाचविलेला पैसा आमचा आणि जोखीम मावशींची. एकाने वाचवावे व दुसऱ्याने भोगावे, या व्यवहारास आपल्या भाषेत काटकसर हा शब्द नाही; दुसरा शब्द आहे, तो आपण जाणताच. ज्या निर्णयाचा धोका निर्णय करणाऱ्याच्या स्वतःच्या घरापर्यंत पोहोचत नाही, तो निर्णय करताना दुप्पट भिऊन असावे.

दुसरा प्रश्न : ज्याच्यावर जोखीम पडते, त्यास ती सांगितली आहे काय? घरात तंगी असता कर्ता पुरुष सर्वांस जवळ बसवून सांगतो, की यंदा सणाला नवे कापड नाही. सांगितलेली तंगी माणसे आनंदाने सोसतात. भोपाळच्या वस्त्यांना आपल्या उशाशी काय साठविले आहे ते ठाऊक नव्हते. त्यांच्याकडून संमती घेतलेली नव्हती, आणि सावध होण्याची संधीही त्यांना दिलेली नव्हती. न सांगता दुसऱ्याच्या उशाशी धोका ठेवणे, हा विश्वासघात होय.

तिसरा प्रश्न : हानी झालीच, तर ती भरून येण्याजोगी आहे काय? भाताला तूप कमी पडले तर पुढच्या वर्षी वाढविता येते. भाजलेल्या हातावरचा वण पुढच्या वर्षी पुसता येत नाही. जे परत आणता येत नाही त्याच्यावर पैज लावण्याचा अधिकार कोणत्याही व्यवस्थापकास, मग तो कोठारातील पुजाऱ्याचा मुलगा असो वा मोठ्या कंपनीचा अधिकारी, देवाने दिलेला नाही.

*

याच ठिकाणी आम्हांस दामाजीपंतांची आठवण होते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान कीर्तनांतून आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बेदरच्या बादशहाच्या कोठाराचे ते अधिकारी. दुष्काळात अन्नावाचून माणसे दारात पडू लागली, तेव्हा त्यांनी राजाज्ञेची वाट न पाहता कोठारे उघडून दिली. पुढे धरून नेले असता, त्या काळच्या समाजाने वेशीबाहेर ठेवलेल्या महाराच्या रूपाने, विठू होऊन, प्रत्यक्ष पांडुरंगाने दरबारात धान्याचे मोल भरले, असे भाविक सांगतात.

या आख्यानाकडे कोठाराचा हिशेब लिहिणाऱ्याच्या दृष्टीने आम्ही यंदा प्रथमच पाहिले. दामाजीपंत बेहिशेबी नव्हते. कोठार कशासाठी असते, हे त्यांना ठाऊक होते इतकेच. कोठार धान्य राखण्यासाठी असते आणि धान्य माणूस राखण्यासाठी असते. ही साखळी ज्याच्या ध्यानात राहिली तोच खरा कोठारी. आणि पांडुरंगानेही रूप कोणाचे घेतले? सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहून निरोप पोहोचविणाऱ्याचे. व्यवस्थेतील सर्वांत खालचा माणूस काही सांगावयास आला, तर त्याच्या मुखाने कोण बोलत आहे याचा नेम नाही, असा इशाराच जणू या कथेने देऊन ठेवला आहे.

ही केवळ जुन्या काळची गोष्ट, असे कोणी म्हणू नये. भोपाळच्या त्याच रात्री रेल्वे स्थानकावर गुलाम दस्तगीर नावाचे उपस्थानक अधीक्षक कामावर होते. फलाटावर प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती, आणि विष पसरत चालले होते. गाडी सुटण्याची वेळ झालेली नव्हती. नियमाप्रमाणे त्यांनी थांबावयास हवे होते. त्यांनी वेळापत्रक बाजूस सारले, जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली व गाडी वेळेआधी रवाना केली. गाडीतील माणसे वाचली. ते स्वतः मात्र स्थानकावरच राहून लोकांना मदत करीत राहिले. त्या विषाचे दुखणे त्यांना पुढे जन्मभर पुरले. २००३ साली ते निवर्तले. वेळापत्रक गाडीसाठी, गाडी माणसांसाठी. दामाजीपंतांना कळलेली साखळी या सद्गृहस्थांनाही कळलेली होती. धर्म त्यांचा निराळा असला, तरी हे आचरण आपण आपल्या संतांच्या मालिकेजवळ ठेवावे, यात आम्हांस कसलाही संकोच वाटत नाही.

*

परंतु दामाजीपंतांच्या कथेत व भोपाळच्या हकिकतीत एक मोठा भेद आहे. दामाजीपंतांचा हिशेब भरावयास पांडुरंग आला. भोपाळचा हिशेब कोणी भरला?

१९८९ साली कंपनीने ४७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. २०१० सालच्या जूनमध्ये भोपाळच्या न्यायालयाने कारखान्याच्या सात भारतीय अधिकाऱ्यांस दोन वर्षांची शिक्षा सांगितली व त्यांना लगेच जामीनही मिळाला. अधिक भरपाईसाठी केंद्र शासनाने केलेली याचिका २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. चांगले काहीच निपजले नाही असे मात्र नाही. १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला. १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात सुधारणा होऊन धोक्याची माहिती कामगारांस व शेजारच्या वस्तीस देण्याचे बंधन आले. दिल्लीतील एका वायुगळतीच्या खटल्यात १९८६ सालच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व घालून दिले, की धोक्याचा धंदा करणाऱ्याने अपघाताचे नुकसान कोणतीही सबब न सांगता भरून दिलेच पाहिजे. पण ही सर्व सुधारणा ज्यांच्या प्राणांच्या मोलाने आली, त्यांना ती पाहावयास मिळाली नाही.

आणि तो हिशेब शेवटी आपल्या दाराशीही आला. कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ सालच्या जानेवारीच्या आरंभी बारा बंद पेट्यांतून आपल्या शेजारच्या पिथमपुरास आणण्यात आला. तेव्हा तेथे लोकांची निदर्शने झाली, हे आपण सर्वांनी पाहिले. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली तो जाळण्याचे काम २०२५ सालच्या जूनअखेर पुरे झाले. जाळणे सुरक्षित होते की नव्हते, हा तज्ज्ञांचा विषय आहे. आम्ही त्यात पडत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की १९८४ साली ज्यांनी शीतयंत्राचा खर्च वाचविला, त्यांच्या मनात पिथमपूरचे नावही नसेल. एका माणसाने टाळलेले काम चाळीस वर्षांनी, अडीचशे किलोमीटर दूरच्या, तेव्हा जन्मासही न आलेल्या माणसाच्या दारात येऊन उभे राहिले. कर्म भोगल्याविना सुटत नाही, असे आपण म्हणतो. परंतु करणारा एक आणि भोगणारा दुसराच, असे जेव्हा होते, तेव्हा त्या करणाऱ्याच्या माथी दुहेरी ऋण चढते, असे आम्हांस वाटते.

*

आता पुन्हा आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. सभेनंतर काही दिवसांनी आम्ही मावशींच्या घरी गेलो. औषधपाण्याचा खर्च संस्थेने दिलेला होता. तो देऊन आपण मोकळे झालो, असेही मनात आले होते. आम्ही त्यांच्यापुढे हात जोडून म्हणालो, “मावशी, तुम्ही दोनदा सांगितले होते. आम्ही ऐकले नाही.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दादा, तिसऱ्यांदाही सांगणार होते. पण वाटले, तुम्ही रागवाल आणि उत्सवाच्या कामावरून मला कमी कराल.”

भक्तजनहो, नळी तडकल्याचे दुःख एका बाजूस आणि हे वाक्य एका बाजूस. दत्तमहाराजांच्या देवळात काम करणाऱ्या माउलीस खरे बोलण्याचे भय वाटावे, आणि ते आमच्यामुळे वाटावे! तेव्हा आमच्या ध्यानात आले, की धोका नळीत नव्हता. ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून बोलणाऱ्याने जीभ आवरणे, हाच मूळ धोका. ज्या व्यवस्थेत खालचा माणूस वरच्यास निर्भयपणे “थांबा” म्हणू शकत नाही, तेथे राखणदार कितीही नेमा, ते झोपणारच.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही चार गोष्टी ठेवल्या आहेत आणि येत्या दत्तजयंतीपासून त्या अमलात आणण्यास मंडळाने संमती दिली आहे. पहिली, स्वयंपाकघरात एक वही राहील. काम करणाऱ्याने सांगितलेली प्रत्येक उणीव त्याच्यादेखत तीत लिहिली जाईल व ती दूर झाल्याची सही तोच करील, कोठारी नव्हे. दुसरी, धोका दिसल्यास शेगडी बंद करण्याचा अधिकार तेथे काम करणाऱ्या प्रत्येकास राहील. त्यामुळे पंगतीस उशीर झाला, तर त्याचा जाब आम्हांस विचारावा, त्यांना नव्हे. तिसरी, पोळ्या लाटणाऱ्या, भांडी घासणाऱ्या व झाडलोट करणाऱ्या सर्वांची मजुरी त्याच संध्याकाळी, आरतीच्या आधी, हाती दिली जाईल. चौथी, वार्षिक हिशेबात बचतीचा आकडा एकटा वाचला जाणार नाही. ती कोणत्या कामातून झाली व ते काम न झाल्याने कोणावर काय ओझे पडले, हेही सोबत वाचले जाईल.

या चार गोष्टी आपण आपल्या दुकानात, कचेरीत, कारखान्यात नेल्या तर देवळाचा प्रसाद खऱ्या अर्थाने घरी नेला, असे होईल. आपल्या हाताखालच्या माणसाने मागच्या महिन्यात आपणांस काय सांगितले व आपण त्याचे काय केले, एवढा एकच प्रश्न आज रात्री निजण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावा. उत्तर मिळाले नाही, तर बहुधा तो माणूस सांगावयाचा थांबला आहे, असे समजावे.

तीर्थरूपांना हे लिखाण वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी एक वाक्य त्यात घालावयास सांगितले, ते असे : नैवेद्य देवापुढे ठेवण्याआधी आपण तो चाखीत नाही, हे योग्यच, पण तो कोणाचा हात भाजून शिजला, हे विचारावयास शास्त्राची काही आडकाठी नाही.

गतवर्षी सभेत ज्या टाळ्या आम्ही स्वीकारल्या, त्या आज या पानावरून आम्ही परत करीत आहोत. ती बचत आमची नव्हती, संस्थेचीही नव्हती. ती मावशींची होती. त्यांचा हात आता चालता झाला आहे. येत्या दत्तजयंतीस त्या स्वयंपाकघरात येणार आहेत. दोन्ही शेगड्यांच्या नळ्या नव्या आहेत, आणि वहीच्या पहिल्या पानावर पहिली सही त्यांनीच करावी, अशी आमची त्यांना विनंती आहे.

श्रीगुरु दत्तात्रेय आपणां सर्वांस ऐकण्याचे कान देवोत, हीच प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥